एडनचा सिरा डोंगर आणि आपण

इतिहास शिकताना आपण राजांची नावे पाठ करतो, सनावळ्या पाठ करतो. परंतु ज्या जागेवर तो इतिहास घडला ती जागा डोळ्यांपुढे आणण्याची तसदी सहसा घेत नाही. वास्तविक जागा समजली की निम्मा इतिहास समजला. रायगड पाहिल्यावाचून शिवकाल कळत नाही आणि जंजिऱ्याचा तट पाण्यातून वर आलेला पाहिल्यावाचून सिद्दींचे सामर्थ्य उमगत नाही. अशीच एक जागा अरबस्तानच्या दक्षिण टोकाला आहे. ती आपल्या देशात नाही, पण एके काळी तिचा कारभार मुंबईहून चालत असे. ती जागा म्हणजे एडन बंदरासमोरचा सिरा डोंगर.

एडनला अरबी भाषेत 'अदन' म्हणतात. आपल्याकडे एडन हेच नाव रुळले आहे, म्हणून येथेही तेच वापरतो. येमेनमध्ये २०१५ साली भडकलेल्या युद्धात या शहराची मोठी नासधूस झाली. तेव्हापासून तेथे सहलीला जाणे सोपे राहिलेले नाही. पण नकाशा समोर ठेवून मनाने तो डोंगर चढायला कोणाची हरकत असणार? तेवढाच प्रवास या लेखात करावयाचा आहे.

काहिलीत वसलेले गाव

एडन हा समुद्रात शिरलेला एक ओबडधोबड काळा डोंगर आहे. मुख्य भूमीशी त्याला जोडणारी जमिनीची पट्टी अरुंद व सखल आहे. हा संपूर्ण डोंगर म्हणजे एक थंडावलेला ज्वालामुखी होय. अरबस्तान आणि आफ्रिका यांची भूमी एकमेकींपासून दूर सरकू लागली, मधल्या फटीत समुद्र शिरला आणि त्या उलथापालथीत या किनाऱ्यावर आगीचे डोंगर उभे राहिले. एडनचा ज्वालामुखी सुमारे ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी जागृत होता असे भूशास्त्रज्ञ सांगतात. त्याचे मुख आत कोसळून गुळाच्या काहिलीसारखा एक प्रचंड खोलगट भाग तयार झाला. या काहिलीच्या तळाशी एडनचे जुने गाव वसले आहे. इंग्रजांनी त्याला 'क्रेटर', म्हणजे ज्वालामुखीचे विवर, असेच नाव दिले आणि ते आजतागायत टिकून आहे.

आपला सह्याद्रीही अग्निजन्य खडकाचाच आहे. पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे एडनहून कितीतरी जुना. शिवाय आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर पसरत गेला. म्हणून सह्याद्रीत कड्यांच्या पायऱ्या दिसतात, विवर दिसत नाही. एडनला मात्र विवराच्या कडा अजून उभ्या आहेत. पश्चिमेच्या बाजूला शमसान हा सर्वांत उंच कडा सुमारे १,८०० फूट चढतो. पूर्वेची कड तुटलेली आहे आणि त्या तुटलेल्या दारातून समुद्र दिसतो. नेमका त्या दारासमोर, पाण्यातून वर आलेला खडकाचा एक सुळका पहाऱ्याला उभा आहे. तोच सिरा. मूळचे हे बेट. आता एका बांधावरून तेथे चालत जाता येते. पायथ्याशी मासळीबाजार आहे, माथ्यावर किल्ला आहे. दोन भक्कम गोल बुरुजांमधून आत गेले की किल्ल्यात एक विहीरही आहे.

माथ्यावर उभे राहून पाठीमागे पाहावे तर काहिलीत दाटीवाटीने वसलेली पांढुरकी घरे आणि त्यांच्यावर काळ्या कड्यांची भिंत. समोर पाहावे तर एडनच्या आखाताचे निळे पाणी, क्षितिजापर्यंत मोकळे. झाड औषधालाही सापडत नाही. मग अशा रखरखीत जागेसाठी इतक्या लोकांनी एवढे रक्त का सांडले?

पाणी आणि व्यापार

या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आहे. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या शिडाच्या जहाजांना हिंदुस्थान आणि तांबडा समुद्र यांच्या वाटेवर विसाव्याला सुरक्षित बंदर लागे. डोंगरांनी वेढलेले एडन हे तसे बंदर. सुमारे १३३० साली इब्न बतूता येथे आला. गावात पीक नाही, झाड नाही, गोडे पाणी नाही, पावसाचे पाणी टाक्यांत साठवून लोक पितात, असे त्याने नमूद केले आहे. आणि लगेच हेही लिहिले आहे की हे हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांचे बंदर आहे. कोणकोणत्या गावांहून मोठी जहाजे येथे येतात याची त्याने यादी दिली आहे. तिच्यात खंबायत आहे, कालिकत आहे, मंगळूर आहे. आणि आपले ठाणे व गोवा हीसुद्धा आहेत. म्हणजे इंग्रजांच्या आधी पाचशे वर्षे ठाण्याच्या खाडीतून निघालेले गलबत सिराच्या पायथ्याशी नांगर टाकत होते.

त्या पाण्याच्या टाक्या आजही क्रेटरमध्ये पाहता येतात. कड्यावरून वाहून येणारे क्वचित पावसाचे पाणी एकाखाली एक अशा खडकात खोदलेल्या हौदांत अडवावयाचे, वरचा भरला की खालच्यात सोडावयाचे, अशी ती योजना. पूर्वी असे पन्नासच्या वर हौद होते असे सांगतात. मधल्या काळात ते मातीने बुजून गेले. १८५०च्या दशकात प्लेफेअर या अधिकाऱ्याच्या नजरेस ते आले आणि उकरून दुरुस्त करण्यात आले. आज तेरा शिल्लक आहेत. किल्ला बांधणारे अनेक झाले, पण किल्ल्याखालच्या गावाला जगविले ते या टाक्या खोदणाऱ्या अनाम हातांनी, हे विसरता कामा नये.

एडनची श्रीमंती जकातीवर होती आणि जकातीवर अनेकांचा डोळा होता. ११३५ साली इराणच्या आखातातील कीश बेटाच्या अमीराने आरमार पाठवून बंदराची नाकेबंदी केली. ती हकीकत कैरोच्या एका सिनेगॉगच्या कोठारात सापडलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांतून कळते. एडनवाले हवालदिल झाले असताना रामिश्त नावाच्या व्यापाऱ्याची दोन मोठी जहाजे आली, त्यांच्यावर सैनिक चढविण्यात आले आणि वेढा उठला. हा रामिश्त इराणच्या सीराफ गावचा, हिंदुस्थानशी व्यापार करणारा आणि काबागृहावर मोलाचे आवरण चढविणारा म्हणून प्रसिद्ध पावला. मुसलमान जहाजमालकाने बंदर वाचविले आणि ज्यू व्यापाऱ्याने ती बातमी लिहून ठेवली! व्यापाराच्या गावात असेच घडते.

विहिरीच्या दोन कथा

ज्वालामुखी थंड झाला तरी माणसाची कल्पना थंड होत नाही. कियामतीच्या अगोदर एडनच्या खोल भागातून अग्नी निघेल आणि लोकांना हशराच्या मैदानाकडे हाकून नेईल, असा उल्लेख 'सहीह मुस्लिम'मधील हदीसमध्ये आहे. त्यामुळे सिराचा जळका खडक पाहून भाविकांच्या मनात ते शब्द जागे होणे स्वाभाविक होते. स्थानिक लोक त्या अग्नीचा संबंध सिराशी जोडत आले आहेत.

दुसरी कथा मात्र आपल्याला चकित करील. इब्नुल मुजाविर या तेराव्या शतकातील प्रवाशाने आपल्या ग्रंथात सिराविषयी एक दंतकथा दिली आहे. एका राक्षसाने अयोध्येच्या रामाच्या पत्नीला पळवून या डोंगरावर आणले. तेव्हा वानररूपी हनुमानाने उज्जैनपासून समुद्राखालून एका रात्रीत भुयार खणले, तो सिराच्या माथ्यावर निघाला आणि तिला सोडवून घेऊन गेला, अशी ती कथा. रामायणाची ही अरबी आवृत्ती तेथे कोणी नेली असेल? आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी, यात शंका वाटत नाही. मसाला आणि कापड यांच्याबरोबर गोष्टीही जहाजात बसून गेल्या आणि एका मुसलमान प्रवाशाने त्या आस्थेने टिपून ठेवल्या. हदीसमधील अग्नी आणि हनुमानाचे भुयार एकाच खडकाच्या आश्रयाने नांदले.

तोफांचा काळ

सोळाव्या शतकात मात्र समुद्रावर नवा कायदा आला, तो तोफेचा. गोवा जिंकून तीन वर्षे झाली नाहीत तोच अल्बुकर्क फेब्रुवारी १५१३ मध्ये गोव्याहून सुमारे २० जहाजे घेऊन निघाला आणि मार्चअखेर एडनवर चालून गेला. तटाला शिड्या लावल्या. पण शिपायांच्या गर्दीने त्या मोडल्या आणि चढलेले लोक वरच अडकले. हल्ला फसला. चिडून त्याने बंदरातील जहाजे जाळली आणि तो पुढे तांबड्या समुद्रात गेला.

पोर्तुगीजांपासून एडन वाचले, पण स्वधर्मीयांपासून वाचले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १५३८ साली तुर्की आरमार घेऊन सुलेमान पाशा दीवच्या पोर्तुगीजांवर निघाला होता. वाटेत त्याने एडनचा शासक आमिर बिन दाऊद याला पाहुणा म्हणून जहाजावर बोलाविले आणि डोलकाठीच्या आडव्या वाशाला फाशी दिले. गाव हाती आले. पुढे दीवचा वेढा मात्र फसला. राज्यलोभाला धर्माची आठवण सोयीपुरतीच होते, हा धडा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो.

तुर्कांच्या काळातील एक आठवण इंग्लंडमध्ये आहे. सुलतान सुलेमानच्या हुकुमावरून मुहम्मद बिन हम्झा याने १५३०-३१ साली ओतलेली काशाची प्रचंड तोफ एडनला होती. १८३९ मध्ये ती इंग्रजांच्या हाती लागली आणि व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यात आली. आज ती तेथील राजकीय शस्त्रागाराच्या संग्रहात आहे.

हाजींचे गाऱ्हाणे आणि कोळशाचा हिशोब

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. वाऱ्याची वाट न पाहता जाता येते हे तिने सिद्ध केले. पण वाटेत कोळसा घेण्यासाठी तिला एडनला कित्येक दिवस थांबावे लागले. तेव्हापासून मुंबई सरकारला वाटेवर कोळशाची स्वतःची वखार हवी होती. सोकोत्रा बेटावर प्रयत्न झाला, तो तापाच्या साथीने फसला. अरबस्तानचा किनारा मोजणाऱ्या कॅप्टन हेन्सची नजर मग एडनवर खिळली.

अशा वेळी १८३७ च्या आरंभी 'दरिया दौलत' हे जहाज एडनजवळ किनाऱ्याला लागून फुटले. जहाज कर्नाटकच्या नबाब घराण्यातील एका बेगमेच्या मालकीचे, निशाण इंग्रजांचे. आत माल होता आणि मक्केला निघालेले यात्रेकरू होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाज लुटले आणि उतारूंची, स्त्रियांचीसुद्धा, विटंबना केली. हा अपराध घोर होता. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. हेन्सने लहेजच्या सुलतानाकडे, ज्याच्या ताब्यात एडन होते, १२ हजार डॉलर भरपाई मागितली. काही माल परत मिळाला, उरलेल्या रकमेची हुंडी मिळाली. म्हणजे गाऱ्हाणे मिटण्याच्या वाटेला लागले होते. पण त्याच बैठकीत दुसरी मागणी पुढे आली : वर्षाला ८,७०० डॉलर घ्या आणि एडन आम्हांला द्या. बोलणी फिसकटली आणि तोफा निघाल्या.

१९ जानेवारी १८३९ रोजी 'व्होलेज' आणि 'क्रूझर' या युद्धनौकांनी सिराच्या बुरुजांवर भडिमार केला. त्यानंतर मुंबईचे सैन्य उतरले. त्यात गोऱ्यांच्या पलटणीबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची चोविसावी पलटण होती. मुंबईच्या सैन्यात त्या काळी कोकणातले व देशावरचे मराठे, मुसलमान, महार, बेने इस्रायल आणि उत्तरेकडचे परदेशी असे नाना जातींचे शिपाई असत. व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत ब्रिटिश साम्राज्यात सामील झालेला हा पहिला मुलूख. तो जिंकण्यात आपल्याकडच्या गरिबांची मुले होती आणि त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

'दरिया दौलत'वरील यात्रेकरूंचे अश्रू खरे होते. पण त्या अश्रूंचा कागद करून कोळशाची वखार मिळविण्यात आली. दुसऱ्याच्या दुःखाचा कैवार घेऊन कोणी पुढे आला की त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते पाहावे, हे शिकविणारा यापेक्षा स्पष्ट धडा आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल.

हेन्सचा शेवटही मुंबईतच झाला. पंधरा वर्षे एडनचा कारभार केल्यावर खजिन्यात तूट आली म्हणून १८५४ मध्ये त्याच्यावर मुंबईत खटले चालले. पंचांनी त्याला निर्दोष ठरविले. तरीही सरकारचा कर्जदार म्हणून त्याला सहा वर्षे तुरुंगात ठेवण्यात आले. १८६० मध्ये सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत मुंबई बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर त्याने प्राण सोडला. ज्या साम्राज्यासाठी त्याने परक्याचे गाव घेतले, त्या साम्राज्याने त्याची गय केली नाही.

मुंबईचे एडन

१८३९ पासून १ एप्रिल १९३२ पर्यंत, म्हणजे तब्बल ९३ वर्षे, एडन मुंबई इलाख्याखाली होते. त्यानंतर पाच वर्षे दिल्लीकडून कारभार चालला आणि १९३७ मध्ये ते हिंदुस्थानपासून वेगळे काढण्यात आले. तरीही आपला रुपया तेथील बाजारात १९५१ पर्यंत चालत होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर हे ओसाड विवर जगातील गजबजलेल्या बंदरांपैकी एक बनले. पारशी, बोहरी, गुजराती बनिये, कोकणी खलाशी, सगळे तेथे पोचले. पारशी समाजाने १८८३ साली अग्यारी स्थापन केली. इंग्रज ३० नोव्हेंबर १९६७ रोजी गेले. पुढे १९७६ मध्ये तेथील पवित्र अग्नी एअर इंडियाच्या विमानातून, पारशी कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, मुंबईला आणि तेथून लोणावळ्याला आणला गेला. विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात जपलेली ज्योत सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन स्थिरावली.

याच एडनमध्ये आपल्या मातीचा एक पुत्र कैदेत मेला. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ साली पकडून जन्मठेपेची शिक्षा झाली आणि एडनच्या तुरुंगात पाठविण्यात आले. त्यांनी दार बिजागरीतून उखडून पलायन केले. पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. मुंबईपासून सुमारे १,६५० सागरी मैल, चहूबाजूंनी काळे कडे, गोडे पाणी नाही, भाषा अनोळखी. पळून जाणार कोठे? सरकारने हा तुरुंग का निवडला ते एडनचे भूगोलच सांगते. पुढे सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजींचे जहाज येथे थांबले तेव्हा अरब आणि हिंदी नागरिकांनी मिळून त्यांचे स्वागत केले. अठ्ठेचाळीस वर्षांत काळ किती पालटला होता!

आपल्या घरातला इतिहास

हे सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन आहे. कोकणातल्या मुसलमान कुटुंबांत आगबोटीवर नोकरी केलेला आजा किंवा पणजा नाही असे घर शोधावे लागेल. सारंग, टंडेल, खलाशी म्हणून या लोकांनी इंग्रज कंपन्यांची जहाजे सातासमुद्रापार नेली. एडनचा काळा डोंगर त्यांना आपल्या गावच्या डोंगराइतका ओळखीचा होता. त्याचप्रमाणे मुंबईहून जहाजाने हजला जाणाऱ्या पिढ्यान् पिढ्या एडनच्या पाण्यातूनच जिद्द्याला गेल्या. समुद्रमार्गे हजची ती वाट १९९५ मध्ये बंद झाली. ज्यांनी ती पाहिली ते लोक आता थकले आहेत.

अल्बुकर्कचा इतिहास पोर्तुगीजांनी लिहिला, हेन्सचा इंग्रजांनी लिहिला. हौद खोदणाऱ्यांचा, चोविसाव्या पलटणीतल्या शिपायांचा आणि बॉयलरसमोर घाम गाळणाऱ्या खलाशांचा कोणी लिहिला? लिहिता येणारी आपली पहिलीदुसरी पिढी आता शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडली आहे. हे काम तिचे आहे. घरातल्या वृद्धांजवळ बसावे. कोणते जहाज, कोणते साल, कोणते बंदर, पगार किती, जेवण काय, हे विचारून वहीत उतरवून घ्यावे. खलाशाची जुनी 'नळी', जहाजावरील नोकरीचे दाखले, हजच्या प्रवासाचे तिकीट, परदेशातून आलेली पत्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात एडनचा नकाशा एकदा तरी काढावा आणि त्यावर ठाणे, गोवा व मुंबईपासून रेघा ओढून दाखवाव्यात.

कैरोच्या त्या व्यापाऱ्यांनी आपली साधी पत्रे फेकून दिली नाहीत, म्हणून नऊशे वर्षांनंतर आपल्याला एडनचा वेढा कळतो. आपल्या नातवंडांना आपल्याविषयी काही कळावे असे वाटत असेल, तर आजच लेखणी उचलली पाहिजे.